एसओएमसाठी नक्की कुठलं पुस्तक घ्यावं? लोकल ऑथर की फॉरेन ऑथर?

गोंधळलेला_एसई
नमस्कार मंडळी. पुण्याजवळच्या एका कॉलेजात सेकंड इयर मेकॅनिकलला आहे, या सेमला सॉलिड मेकॅनिक्स आहे म्हणजे सीनियर ज्याला एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) म्हणतात तेच, भार आला की वस्तूच्या आत काय होतं तो विषय. सरांनी पहिल्याच लेक्चरला फळ्यावर नावं लिहिली, टिमोशेन्को, बिअर-जॉन्स्टन, हिबलर, पोपोव्ह, रामामृतम, बन्सल, रत्तन, आणि म्हणाले कुठलंही घ्या, विषय एकच आहे. आता कुठलंही म्हणजे कुठलं? सीनियर म्हणतात लोकल ऑथर (इथल्या सिलॅबसप्रमाणे लिहिलेलं पुस्तक) घे, बाकी शोभेला. बुक बँकेत गेलो तर चांगली पुस्तकं आधीच उचलली गेली होती. घरून एका पुस्तकाचे पैसे मिळतील, ओढूनताणून दोनचे, पण मग दुसरं जुनंच घ्यावं लागेल. गेट द्यायचं डोक्यात आहे पण नक्की नाही. मॅथ्स ठीक आहे, एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम, वस्तू वेगळी काढून तिच्यावरचे फोर्स दाखवणारी आकृती) काढताना मात्र फाफलतो, कुठला फोर्स दाखवायचा आणि कुठला नाही तेच कळत नाही. पीडीएफ नकोय, मोबाईलवर वाचून काही डोक्यात शिरत नाही.

बॅकलॉगसम्राट
भावा, मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ, लोकल ऑथर काढ, दोन्ही शेजारी ठेव. युनिटप्रमाणे चॅप्टर, युनिटप्रमाणे प्रश्न, विषय संपला. आमच्या बॅचला एक जण टिमोशेन्को घेऊन फिरायचा, इनसेमला त्याच्यापेक्षा मला जास्त होते. फॉरेन ऑथर वाचायला चांगले असतात रे, पण सेम चार महिन्यांचं, त्यात सबमिशन, त्यात एम थ्री (गणिताचा तिसरा पेपर). एवढं इंग्लिश वाचणार कधी?

चाकणकर
सम्राट यांचं अर्धं बरोबर आहे, पास व्हायला लोकल ऑथर पुरतो. पण धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय की एफबीडीला फाफलतो, आणि लोकल ऑथरमध्ये नेमकी तीच जागा रिकामी असते. तिथे 'दिलेलं', मग सूत्र, मग आकडे टाकले, मग उत्तर. आकृती असते पण ती आख्ख्या बीमची, कापून वेगळा काढलेला तुकडा आणि त्यावरचे आतले फोर्स क्वचितच दिसतात. एसओएम म्हणजे शेवटी कापणंच आहे हो. कुठे कापलं, कुठला भाग ठेवला, कापलेल्या पृष्ठावर काय काय फोर्स लिहिले, एवढं जमलं की अर्धा विषय हातात.

मी डिझाइनमध्ये आहे, नवीन पोरं येतात त्यांच्याबरोबर बसतो, तेव्हा एक सांगतो ते बघ. पुस्तक नाव बघून घेऊ नकोस. दुकानात उभा राहा आणि टॉर्शनचा, म्हणजे पिळण्याचा, चॅप्टर उघड. टी बाय जे इज इक्वल टू टाउ बाय आर, हे सगळ्याच पुस्तकांत आहे. बघायचं काय, तर हे सूत्र फक्त गोल शाफ्टलाच का चालतं ते लिहिलंय का. चौकोनी शाफ्टचा कोपरा केंद्रापासून सगळ्यात लांब, म्हणजे सूत्राप्रमाणे तिथे स्ट्रेस (दर क्षेत्रफळामागचा आतला फोर्स) सगळ्यात जास्त यायला हवा, आणि प्रत्यक्षात कोपऱ्यावर शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवर सरकवू पाहणारा) शून्य असतो, जास्तीत जास्त असतो तो बाजूच्या मध्यावर. कारण चौकोनी सेक्शन पिळल्यावर सपाट राहत नाही, वार्प होतो. हे ज्या पुस्तकात दोन ओळीत का होईना आहे, चित्रासकट, ते पुस्तक तुला सूत्राच्या मर्यादा सांगतंय. नसेल तर ते फक्त सूत्र देतंय.

मग थर्मल स्ट्रेसचं पान काढ. दोन्ही टोकं घट्ट धरलेला स्टीलचा बार 30 डिग्रीने तापवला तर स्ट्रेस किती? अल्फा (प्रसरणाचा गुणांक) 12 गुणिले 10 चा उणे सहावा घात, ई (यंग्ज मॉड्युलस, मटेरियलचा ताठरपणा) 200 जीपीए, गुणाकार केला की 72 एमपीए. यात बारची लांबी कुठेच आली नाही. म्हणून तर किलोमीटरभर सलग वेल्ड केलेले रूळ टाकता येतात, लांबी वाढवली म्हणून स्ट्रेस वाढत नाही, फक्त ते बाजूला बकल होऊ नयेत म्हणून स्लीपर आणि खडी नीट पकडून ठेवावी लागते. चांगलं पुस्तक इथे थांबून हे सांगतं. वाईट पुस्तक लगेच उदाहरण क्र. 2 वर जातं.

माझं मत विचारशील तर वाचायला बिअर-जॉन्स्टन नवं, पेपरसाठी रामामृतम किंवा बन्सल जुनं. बास.

सिव्हिलवाली
चाकणकर दादांना +1. फक्त सिव्हिलच्या बाजूने थोडं जोडते कारण धागा वाचणारे सगळेच मेकॅनिकलचे नसतील. आमच्याकडे याच विषयाला मेकॅनिक्स ऑफ स्ट्रक्चर्स म्हणतात आणि तिथे जुन्नरकरांना पर्याय नाही. आणंदच्या चरोतरचं प्रकाशन, आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतली प्रत इतकी वापरलेली की पानांचे कोपरे गोल झालेत. भाषा जुनी, आकृत्या हाताने काढल्यासारख्या, पण एसएफडी-बीएमडीचे (शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या) आणि डिफ्लेक्शनचे (बीम किती वाकतो) प्रश्न इतक्या प्रकारचे आहेत की परीक्षेत नवीन काही येऊच शकत नाही असं वाटतं. जुनी आवृत्ती मिळाली तर युनिट्स बघून घ्या, केजीएफ पर सेंटिमीटर स्क्वेअर असू शकतं.

बिअर-जॉन्स्टन मलाही आवडतं पण एक अडचण आहे, आपल्या सिलॅबसमधलं सगळं त्यात नाही. थिक सिलिंडर (जाड भिंतीचे), त्यासाठीची लामेची समीकरणं, नाहीत. कॉलमला (खांब किती भाराला बकल होतो त्याला) रँकिनचं सूत्र नाही, तिकडे सीकंट फॉर्म्युला शिकवतात. आपल्याकडे प्रश्न हटकून येतो तो ऑयलर आणि रँकिनची तुलना करा. मग ऐन एन्डसेमला धावाधाव.

मंद_मंदार
अवांतर: जुन्नरकर नाव वाचून वडिलांची प्रत आठवली. त्यांनी त्यात समासात पेन्सिलीने 'हे येणार' असं लिहून ठेवलंय, आणि खरंच आमच्याही पेपरला आलं 🙂

बॅकलॉगसम्राट
बघा, सिव्हिलवाल्या ताईंनीच सांगितलं. फॉरेन ऑथर घेतला तरी लोकल लागणारच, मग फॉरेन कशाला?

सिव्हिलवाली
मी असं म्हटलेलं नाही हो 😀 मी म्हटलं तो एकटा पुरत नाही. लामे वाचायला रत्तन घ्या, त्यात आपल्या सिलॅबसचं बहुतेक सगळं आहे आणि मांडणी आटोपशीर आहे. बन्सलमध्ये पण आहे, तिथे तर एकही पायरी गाळलेली नसते, ज्याला स्वतः अभ्यास करायचा त्याला बरं पडतं, पण मग पानं संपता संपत नाहीत.

खडूधारी
आम्ही हा विषय अनेक वर्षे शिकवला, आता निवृत्त. चर्चा चांगली चालली आहे म्हणून लिहितो, थोडं लांबेल, सहन करा.

टिमोशेन्को हे नाव मुलं घाबरून घेतात, त्याचं कारण नाही. हा माणूस 1878 साली युक्रेनमध्ये जन्मला, 1922 साली अमेरिकेत गेला, आधी वेस्टिंगहाउसमध्ये काम केलं आणि मग मिशिगन, मग स्टॅनफर्डला शिकवलं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचे दोन भाग 1930 चे. पहिला भाग आजही सेकंड इयरच्या मुलाला वाचता येतो, वाक्यं लहान असतात. तुम्ही ज्याला 'गेरे' म्हणता ते गेरे आणि टिमोशेन्को यांचं मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स, 1972 चं, ते याच घराण्यातलं. आज तुमच्या हातात असणारी बहुतेक सगळी पुस्तकं, देशी असोत की परदेशी, प्रकरणांचा क्रम तिथूनच घेऊन आली आहेत. थिक सिलिंडर हवा असेल तर तो टिमोशेन्कोच्या दुसऱ्या भागात आहे.

पण मी मुलांना सुरुवातीला पुस्तक सांगतच नसे. खडू देत असे. दोन्ही हातांनी धरून हळूहळू पिळा म्हणायचो. खडू तुटतो तो सरळ आडवा नाही, 45 अंशात मळसूत्रासारखा. आता मऊ पोलादाचा नमुना टॉर्शन मशीनमध्ये लावा, तो सपाट आडवा तुटतो. दोन्हीला लावलेला टॉर्क एकाच प्रकारचा, मग तुटणं वेगळं का? खडू ताणाला कमजोर, आणि पिळल्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो 45 अंशाच्या पातळीवर. पोलाद शिअरला कमजोर, म्हणून ते शिअरच्या पातळीवर तुटतं. हे एकदा हाताने केलं की मोर्स सर्कल (वेगवेगळ्या पातळ्यांवरचे स्ट्रेस दाखवणारं वर्तुळ) कशासाठी काढायचा हा प्रश्न कोणी विचारत नाही. तुमच्या पुस्तकात या दोन तुटलेल्या नमुन्यांचा फोटो किंवा आकृती शेजारीशेजारी आहे का ते बघा, हा माझा पुस्तक निवडायचा निकष.

दुसरा निकष बीममधला शिअर स्ट्रेस. व्ही क्यू बाय आय बी. मुलं पाठ करतात, आयताकृती सेक्शनला कमाल दीडपट, गोलाला चार तृतीयांश. हे सूत्र आलं कुठून? झुराव्स्की नावाचा तरुण इंजिनियर एकोणिसाव्या शतकात सेंट पीटर्सबर्ग-मॉस्को रेल्वेवर लाकडी पूल बांधत होता. लाकूड धाग्याच्या दिशेने शिअरला फार कमजोर, बीम आडवा चिरत जातो, त्यामुळे त्याला हा आडवा शिअर मोजणं भागच होतं. बाकी युरोप तोवर लोखंडी तुळयांचा विचार करत होता, त्यांना ही अडचण इतकी टोचली नव्हती. गरज असलेल्या माणसाने काढलेलं सूत्र आहे ते. म्हणून डेरिव्हेशनमध्ये आडवा काप घेतात, उभा नाही. पुस्तकात तो आडवा कापलेला तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंचे वेगवेगळे बेंडिंग स्ट्रेस आणि खालच्या पृष्ठावरचा शिअर, अशी आकृती स्वच्छ असेल तर मुलगा डेरिव्हेशन पाठ न करता लिहितो.

चाकणकर
सर, खडूचं उदाहरण मी ट्रेनींना कुकीच्या स्ट्रॉवर करून दाखवतो, आता खडूवर दाखवीन. प्रतिसाद साठवून ठेवलाय.

ओहायोकर
इकडे अमेरिकेत मास्टर्स करताना या विषयाला टीए (टीचिंग असिस्टंट) होतो म्हणून दोन शब्द. इकडे एका कोर्सला एकच पुस्तक ठरलेलं असतं, बहुधा हिबलर किंवा बिअर, आणि दर आठवड्याचा होमवर्क त्यातलाच. सात पुस्तकांची यादी हा प्रकार इकडे नाही. हिबलरची खासियत म्हणजे प्रत्येक मुद्द्यानंतर 'असं सोडवा' म्हणून पायऱ्यांची चौकट असते, आणि फोटो भरपूर. खरी क्रेन, खरा पाईप, खरा बोल्ट दाखवून शेजारी त्याचा एफबीडी. धागाकर्त्याने जी अडचण लिहिली आहे तिला मला वाटतं बिअरपेक्षा हिबलर जास्त लागू. बिअर जरा वरच्या पट्टीत बोलतो, सोडवलेली उदाहरणं सुंदर पण तो गृहीत धरतो की स्टॅटिक्स तुम्हाला नीट येतं.

आवृत्तीच्या मागे लागू नका. नवी आणि तिच्या आधीची, यात बहुतेक वेळा प्रश्नांचे आकडे आणि क्रमांक बदललेले असतात. एक-दोन आवृत्त्या मागचं जुनं घेतलं तर काहीही अडत नाही. फक्त एसआय आवृत्ती आहे का ते बघा, कारण अमेरिकन आवृत्तीत किप आणि केएसआय असतात. एक किप म्हणजे हजार पाउंड फोर्स, एक केएसआय म्हणजे जवळपास 6.9 एमपीए. इकडचं ए36 स्टील म्हणजे यील्ड 36 केएसआय, हिशेब केला तर साधारण 250 एमपीए, म्हणजे आपल्या ई250 च्या जवळच. एकदा सवय झाली की त्रास नाही, पण सेकंड इयरला ती सवय लावून घेण्यात वेळ कशाला घालवा.

गेटवाला_गण्या
गेटच्या अँगलने लिहितो. गेटला एसओएममध्ये डेरिव्हेशन विचारत नाहीत, पण डेरिव्हेशन ज्याला कळलंय त्यालाच प्रश्न सुटतात, कारण प्रश्न एकदम छोटा असतो आणि सूत्र सरळ लागत नाही. उदाहरणार्थ दोन धातूंचा कंपोझिट बार तापवला, सपोर्ट थोडा सरकला. पाठ केलेलं सूत्र तिथे उपयोगाचं नाही, कंपॅटिबिलिटी (सगळ्या भागांचे लांबीतले बदल एकमेकांशी जुळले पाहिजेत ही अट) लिहावीच लागते. माझ्याकडे क्रँडॉल-डाल होतं, एमआयटीवाल्यांचं. त्यात सुरुवातीलाच सांगतात की कुठलाही प्रश्न तीन गोष्टींनी सुटतो, समतोल, डिफॉर्मेशनची भूमिती, आणि फोर्स-डिफॉर्मेशनचा संबंध, आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवतात. पहिलं पुस्तक म्हणून देणार नाही, अवघड आहे. पण एकदा एसओएम होऊन गेल्यावर वाचलं तर डोकं साफ होतं. श्रीनाथांचं ॲडव्हान्स्ड मेकॅनिक्स ऑफ सॉलिड्स त्याच्याही पुढचं, ते आत्ता उघडूच नकोस.

आणि एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन) लेक्चर्स फुकट आहेत, पुस्तकाचे पैसे वाचवून काही उपयोग नाही पण लेक्चर बघून पुस्तक नीट कळतं. उलटं करू नका, म्हणजे नुसती लेक्चर बघत बसू नका. बघताना सगळं सोपं वाटतं आणि कोरा कागद समोर आला की हात चालत नाही.

डिप्लोमावाला
मी डायरेक्ट सेकंड इयरला आलोय, दहावीपर्यंत मराठी माध्यम. डिप्लोमाला एसओएम झालंय पण तिथे डेरिव्हेशन फार नव्हतं. हिबलर लायब्ररीत बघितलं, भाषा सोपी वाटली खरी, पण एका पानात एवढा मजकूर की मुद्दा कुठला ते सापडत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं? लोकल ऑथर सोडून काही आहे का?

खडूधारी
बाळ, तू आधी उदाहरण वाच, मग मजकूर. उलटा क्रम. सोडवलेलं उदाहरण घे, फक्त प्रश्न वाच, उत्तर झाक, आकृती स्वतः काढ. अडलास की मग मागे जाऊन मजकुरात तेवढंच शोध. इंग्रजीचा प्रश्न तसा फार मोठा नाही, या विषयात शब्द थोडे आणि तेच तेच येतात. पहिल्या दोन प्रकरणांत त्रास होईल, नंतर तू वाचत नसशील, आकृत्या बघत असशील. तुझ्यासाठी मी रामामृतम सांगेन, उदाहरणं भरपूर आणि वाक्यं आटोपशीर. फक्त जुन्या आवृत्तीत चिन्हं जुनी असतात. बेंडिंगचं सूत्र एम बाय आय इज इक्वल टू एफ बाय वाय असं दिसेल, एफ म्हणजे तुमचा सिग्मा. शिअर स्ट्रेसला क्यू. मॉड्युलस ऑफ रिजिडिटीला जी ऐवजी सी किंवा एन. पॉयझन्स रेशो वन बाय एम. घाबरू नकोस, पहिल्या पानावर पेन्सिलीने कुठलं अक्षर म्हणजे काय याची यादी करून ठेव.

गोंधळलेला_एसई
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. अप्पा बळवंत चौकात जाऊन आलो. चाकणकर दादांनी सांगितलं तसं टॉर्शनचं पान उघडून उघडून बघत होतो, दुकानदार वैतागला 😅 लोकल ऑथरमध्ये असम्प्शन्सची यादी होती, पण चौकोनी शाफ्टबद्दल काही नाही. बिअर आणि हिबलर दोन्हीत होतं. हिबलर एसआय घेतलं, आणि रामामृतम एका सीनियरकडून अर्ध्या किमतीत.

आता नवीन गोंधळ. डिफ्लेक्शनचा चॅप्टर चाळत होतो. हिबलरमध्ये ईआय डी टू व्ही बाय डी एक्स स्क्वेअर बरोबर एम. लायब्ररीत जुन्या टिमोशेन्कोमध्ये तेच बरोबर उणे एम. दोन्ही बरोबर कसं असेल? आणि मोर्स सर्कलचं तर विचारूच नका, हिबलर शिअर खाली पॉझिटिव्ह घेतो, बिअरमध्ये क्लॉकवाइज फिरवणारा शिअर वर.

चाकणकर
हीच ती जागा, दोन पुस्तकं एकदम वाचणारा प्रत्येक जण इथे पडतो. दोन्ही बरोबर आहेत. टिमोशेन्को वाय खाली पॉझिटिव्ह धरतो, हिबलर वर. सॅगिंग मोमेंट (बीमला खाली झोळ आणणारा) दोघेही पॉझिटिव्हच धरतात. वाय उलटा केला की चिन्ह उलटं, बाकी काही नाही. मोर्स सर्कलचंही तसंच, पटलावर फिरण्याची दिशा एलिमेंटवर फिरण्याच्या दिशेशी जुळावी म्हणून दोघांनी आपापल्या पद्धतीने सोय केली आहे. प्रिन्सिपल स्ट्रेस तेच येतात.

पण वहीत एकच पद्धत ठेव, वर लिही कुठली, आणि वर्गात सर जी वापरतात ती धर, कारण पेपर तपासणाऱ्याला तीच सवय असते. दुसऱ्या पुस्तकातलं उदाहरण घेतलंस तर आधी आपल्या चिन्हात बदलून घे, मग सोडव. एका उदाहरणात दोन पद्धती मिसळल्या की उत्तराचा आकडा बरोबर येऊन दिशा चुकते, आणि बीम वर वाकलेला दिसतो.

सवयीसाठी एक सोडव. सिंपली सपोर्टेड बीम, 6 मीटर, डावीकडून 2 मीटरवर 12 किलोन्यूटनचा पॉइंट लोड. कमाल डिफ्लेक्शन किती आणि कुठे, ईआयच्या (बीमचा वाकण्याला असलेला ताठरपणा) भाषेत सांग.

बॅकलॉगसम्राट
मी सोडवत नाही, पण बघतोय 🍿

संपादक
धाग्यावर दोन जणांनी पीडीएफच्या लिंका दिल्या होत्या, काढल्या आहेत. पुन्हा देऊ नये. भारतीय उपखंडापुरत्या स्वस्त आवृत्त्या मिळतात, जुनी पुस्तकं मिळतात, लायब्ररी आहे.

गोंधळलेला_एसई
डावी रिॲक्शन 8, उजवी 4. लोडखाली मोमेंट 16 किलोन्यूटन मीटर. लोडखाली डिफ्लेक्शन 42.67 बाय ईआय आलं. हेच कमाल ना?

सिव्हिलवाली
लोडखालचं बरोबर आहे, पण कमाल तिथे नाही. लोड मध्यावर नसेल तर कमाल डिफ्लेक्शन लोडच्या जागी येत नाही, मोठ्या भागात येतं, मध्याकडे सरकलेलं. स्लोप शून्य कुठे होतो ते काढ. मॅकॉलेच्या पद्धतीने (आख्ख्या बीमला मोमेंटचं एकच समीकरण लिहून) कर, रामामृतममध्ये आहे, हिबलरमध्ये तेच डिसकंटिन्युइटी फंक्शन म्हणून असतं, कंसाचा आकार वेगळा एवढंच.

ओहायोकर
मॅकॉलेचं नाव इकडे मुलांना माहीतच नसतं, पद्धत तीच. बाकी एक विचारायचं होतं, आपल्याकडे पेपरमध्ये अजून ई, जी (मॉड्युलस ऑफ रिजिडिटी) आणि म्यू (पॉयझन्स रेशो) तिन्ही देतात का? मला आठवतंय ई 200, जी 80 आणि म्यू 0.3 असं सर्रास असायचं. ई इज इक्वल टू टू जी वन प्लस म्यू मध्ये टाकून बघा, ई 208 येतो. तिन्ही एकदम खरे असूच शकत नाहीत.

खडूधारी
देतात. आम्ही पेपर काढायचो तेव्हाही भांडायचो यावरून. अशा वेळी मुलाने उदाहरणात जे लागतं तेवढंच घ्यावं आणि बाकीचं सोडावं.

चाकणकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. तुम्ही कारखान्यात आहात म्हणून तुम्हाला हे जाणवत असेल. स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन (भोक, कोपरा अशा जागी स्ट्रेस एकवटणं) आपल्याकडे एसओएममध्ये जवळजवळ येतच नाही, मशीन डिझाइनला ढकललेलं असतं. बिअर आणि हिबलर दोघेही ॲक्सियल, टॉर्शन, बेंडिंग प्रत्येकाबरोबर तिथल्या तिथे देतात. रुंद प्लेटला छोटं गोल भोक पाडलं की भोकाच्या काठावर तिप्पट स्ट्रेस, हे मुलाला सेकंड इयरलाच कळायला हवं. सिलॅबसमध्ये नसलं तरी ती पानं वाचावीत.

चाकणकर
अगदी सर. आमच्याकडे तुटलेले शाफ्ट येतात ते बहुतेक खांद्यावर (जिथे व्यास एकदम बदलतो) नाहीतर कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यात तुटलेले असतात, जिथे पी बाय ए किंवा टी आर बाय जे ने बघितलं तर सगळं आलबेल दिसतं. नवीन मुलगा म्हणतो कॅल्क्युलेशन बरोबर आहे मग तुटला कसा. फिलेट (कोपऱ्याची गोलाई) रेडियस वाढवा एवढंच उत्तर असतं बऱ्याचदा.

मंद_मंदार
कोणी जे. ई. गॉर्डनचं स्ट्रक्चर्स वाचलंय का? 1978 चं आहे, टेक्स्टबुक नाही, सूत्रं अगदी थोडी, पण क्रॅक का पसरतो, लोकांना स्ट्रेस ही कल्पना सुचायला इतका वेळ का लागला, असं सगळं आहे. सुट्टीत वाचायला. हिबलरच्या जागी नाही.

गेटवाला_गण्या
+1. होस्टेलवर एकाच प्रतीवर आमची आख्खी विंग वाचून झाली.

डिप्लोमावाला
खडूधारी सर, तुम्ही सांगितलं तसं उदाहरण झाकून करून बघतोय. थिन सिलिंडरला एका पुस्तकात डायमीटर बाय थिकनेस 20 पेक्षा जास्त लिहिलंय आणि हिबलरमध्ये रेडियस बाय थिकनेस 10. हे वेगळं आहे का तेच?

खडूधारी
तेच. डायमीटर म्हणजे दोन रेडियस. चांगलं पकडलंस.

गोंधळलेला_एसई
मॅकॉलेने केलं. डावीकडून 2.73 मीटरवर स्लोप शून्य, डिफ्लेक्शन 46.45 बाय ईआय, खालच्या दिशेने. हिबलरच्या चिन्हाने उणे येतं, टिमोशेन्कोच्या चिन्हाने अधिक. आमचे सर वर पॉझिटिव्ह घेतात, सो वहीत उणे ठेवलंय आणि शेजारी बाण काढलाय.

सिव्हिलवाली
बरोबर. बाण काढत जाच, तपासणाऱ्याला पण बरं पडतं. आता हेच मोमेंट-एरियाने कर, आणि लोड डावीकडे सरकवत नेला तर ती 2.73 वाली जागा कुठवर सरकते ते बघ. मध्यापासून फार लांब ती जातच नाही.

बॅकलॉगसम्राट
किती लांब?

सिव्हिलवाली
लोड अगदी टोकाला नेला तरी मध्यापासून लांबीच्या आठ टक्क्यांच्या आत. सोडवून बघा, सम्राट 🙂

बॅकलॉगसम्राट
लोकल ऑथरमध्ये आहे का हे?

सिव्हिलवाली
सूत्र आहे, पान तुम्हीच शोधा.